तलावावरची हिरवी साय

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

तलावाला हिरवी साय आली आहे. पावसाने उघडीप दिली तसं ऊन तापायला लागलं, आणि साचलेलं पाणी जागच्या जागी बदललं. वाऱ्याने लोटलेली साय आपल्याच काठाला येऊन बसते. दाराला लावायच्या ऑइलपेंटसारखा रंग आहे. बोट बुडवलं तर बोट रंगतं. वास कुजक्या गवताचा.

ती बघताना मला पुस्तिका आठवली. शेलूबाजारला पूनमचंद शेठच्या दुकानात पुड्या बांधायला रद्दी येते. त्यातून वाचण्यासारखं काही निघालं की ते माझ्यासाठी बाजूला ठेवतात. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं त्या रद्दीतून शिकले. ट्रंकेतून जैविक खतांची पुस्तिका काढली. 'निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र धरून जमिनीस देते.' असं स्वच्छ छापलेलं आहे. लोक युरियासाठी रांगा लावतात आणि इथे देवाने काठावर आणून टाकलंय.

हे असते तर खूष झाले असते. त्यांनी अकोल्याहून डबाभर गांडुळं आणून विटांचे तीन लांबट हौद बांधले होते, वर पालाची सावली. त्यांना आम्ही बेड म्हणतो. रोज सकाळी चहाआधी हे बेडात हात घालून बघायचे. गांडुळांना म्हणायचे, आपली बिनपगारी माणसं. जाऊन तीन वर्षं झाली. आता चहाआधी मी हात घालते. आपलं मूलबाळ नाही. त्यांच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलंय.

काठावर टोपलं भरत होते तर दिनेश थांबला. हा माझा धाकटा दीर. त्याचं वावर आमच्याला लागून, मध्ये फक्त धुरा, मातीचा बांध.

"वयनी, हे कायची घाण काढून राह्यल्या? म्हशी तोंड लावून नाही राह्यल्या त्या पाण्याले."

"म्हशीले वाचता येत नाही, भाऊजी."

हसला. मी म्हटलं, पुस्तक वाचा अन् मंग बोला. तो गेला. हे गेल्यावर दोनदा त्याने माझं वावर बटईने, वाट्याने कसायला, मागितलं आहे. ज्याचा डोळा वावरावर, त्याला माझं खत कशाला चांगलं वाटेल.

३० सप्टेंबर, सोमवार

दोन दिवसांत आठ टोपली साय आणली. तिन्ही बेडांवर बोटभर थर दिला, वर ओलं पोतं टाकलं. पाणीही तलावाचंच मारते, पाइप तिथूनच आहे.

सुचिता, दिनेशची बायको, धुऱ्यावरून बघत होती. "मोठ्याबाई, वांग्याले चालन काय हे?" म्हटलं, चालेल, नत्र असतं यात. तिला नत्र कळलं नाही, पण मी सांगितलं म्हणून दोन टोपली घेऊन गेली. वांग्याच्या ओळीत टाकते म्हणाली. माझं ऐकणारं घरात कोणीतरी आहे.

कोपरापर्यंत हात खाजताहेत, बारीक पुरळ आलं आहे. काठाला गाजरगवत फार माजलंय, त्याचं असेल.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी पोतं उचललं आणि हात तसाच राहिला.

गांडुळं विटांवर चढली होती. भिंतीवर, कडेवर, खाली सिमेंटच्या पट्टीवर. जी खाली उतरली ती उन्हाने सुतळीच्या तुकड्यांसारखी वाळली. भरलं शेण सोडून गांडूळ उन्हात येत नाही. जोराचा पाऊस झाला तरच येतं, आणि पाऊस तर पंधरा दिवस नाही. जी आत होती त्यांच्या अंगावर मध्येच आवळल्यासारख्या गाठी. बोट लावलं तरी हलली नाहीत.

काल दिनेशने सोयाबीन काढलेल्या रानात तणनाशक फवारलं. हरभरा पेरायचाय त्याला. धुऱ्यापर्यंत फवारलं, आणि वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता. गवत आज पिवळं पडायला लागलं.

आणखी काय पाहिजे.

५ ऑक्टोबर, शनिवार

गेले होते दिनेशच्या अंगणात. गावातले रामराव बसले होते, आणखी दोघे-तिघे. मी बसले नाही.

"भाऊजी, गांडुळं मारली तुमी माही."

"काय बोलता वयनी. मी कायले मारू?"

"फवारा धुऱ्यापर्यंत आणला. वारं कुठून होतं, पाह्यलं नाही?"

"वारं पडलं होतं तवाच मारलं मी. इतले वर्षं मारतो, दादा होता तवाबी मारत होतो. तवा नाही मेली तं आत्ताच काहून मरतीन?"

रामराव मध्ये पडले. "आवडाबाई, गांडुळच ना ते? पाऊस आला का वावरात ढीग निघते."

मी त्यांना सांगितलं, तुमच्या घरी कोणी मेलं तर मीही असंच म्हणेन, माणूसच ना ते, बाजारात ढीग असतात. सुचिता चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मी घेतला नाही.

निघताना दिनेश म्हणाला, "वयनी, ते हिरवं टाकलं त्याच्यानं तं नसन?" मी मागे वळूनही पाहिलं नाही. चोराने घरमालकालाच विचारावं, कुलूप नीट लावलं होतं का.

६ ऑक्टोबर, रविवार

दिनेशची बैलगाडी माझ्या वावराच्या कडेने जाते. त्याला रस्त्यावर यायची तेवढीच जवळची वाट. आज सकाळी बाभळीच्या काट्या तोडून त्या वाटेवर टाकल्या. शेजारच्या रामधनला मदतीला बोलावलं होतं, तो म्हणाला, बाई मी तुमच्या घरच्या भांडणात नाही. एकटीने ओढल्या. आता त्याला नाल्याच्या अंगाने फिरून जावं लागेल. जाऊ दे.

९ ऑक्टोबर, बुधवार

विष धुऊन काढावं म्हणून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाइप लावून बेड भिजवले. खालून पाणी निथळून जाऊ दिलं. ताकद यावी म्हणून पहिल्या दोन बेडांवर पुन्हा साय दिली. फवाऱ्याचा असर फार खोल गेलेला दिसतो. पहिल्या बेडात आता हात घातला तर शेणाशिवाय काही लागत नाही.

तलावात मासे पाळणाऱ्या गुलाबसिंगची मासोळी मेली. काठाला पांढरी पोटं वर करून पडली होती. तो कपाळाला हात लावून बसला होता. "बाई, पानीच बिघडलं. श्वास कोंडून मेली." मी म्हटलं, भाऊ, तुमी खाद्य जास्त टाकता, त्याच्यानं होते. त्याला राग आला असावा.

१४ ऑक्टोबर, सोमवार

परवा दसरा झाला. दिनेश आणि सुचिता सोनं घेऊन आले होते. नाल्याच्या अंगाने फिरून आले, चपला चिखलाने भरलेल्या. मी आत पडून होते, उठले नाही. आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवून गेले. तीन वर्षांत हे पहिलंच की पाया पडायला आलेल्यांना मी तोंड दाखवलं नाही. वाईट वाटलं. पण पहिला बेड बघितला की तेही वाटेनासं होतं.

आज बघते तर दोघं नवरा-बायको धुऱ्याच्या कडेचं गवत विळ्याने कापताहेत. आठ-दहा हाताची पट्टी पूर्ण हाताने निंदली, फवारा नाही. दिनेशची कंबर धरली होती, मध्ये मध्ये उभा राहून मागे हात लावत होता. सुचिता ऐकू येईल असं म्हणाली, "हे इथं औषीद मारतच नाही म्हणते आता. मोठ्याबाईच्या बेडापासून लांब."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. अपराध नसता तर कशाला कंबर मोडून घेतली असती.

२१ ऑक्टोबर, सोमवार

दुसरा बेडही संपला.

फक्त गांडुळंच गेली असती तर एक वेळ ठीक. बेडात पांढरे बारीक किडे असायचे, पोतं उचललं की मिठाचे दाणे उडावेत तसे उडायचे. ते नाहीत. वाणी असायचा, हात लागला की पैशासारखा गुंडाळी करणारा. तो नाही. एवढं शेण पडलंय आणि त्यावर एक जीव नाही. माणसं उठून गेलेल्या गावात शिरल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या बेडात तळाशी कोपऱ्यात मूठ-दोन मूठ जिवंत सापडली. घमेल्यात जुनं कोरडं शेणखत घेतलं, ती त्यात सोडली आणि घमेलं घरात आणलं. चुलीपासून लांब, माठाच्या बाजूला ठेवलं. माठातलंच पाणी शिंपडते, हापशीचं. घरात त्याच्या फवाऱ्याचं वारं येणार नाही.

यांचा फोटो त्याच भिंतीला आहे. मी काही बोलले नाही फोटोशी. तशी सवय मला नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. माझ्याकडे दिवाळी म्हणजे दारात एक पणती.

घमेल्यातली गांडुळं सुधारली. अंग चकाकतं, बोट लावलं की आवळतात. आज खत चाळवलं तर लिंबाच्या बीपेक्षा लहान, पिवळसर अंडी दिसली, सात-आठ. आणि दोऱ्यासारखी दोन पिल्लं. मी तिथेच खाली बसले. एवढी उरली तर उन्हाळ्यापर्यंत एक बेड भरेल. हे म्हणायचे, एका ओंजळीतून गाव खाईल एवढं खत होतं, फक्त घाई करायची नाही.

दिनेशपासून लांब ठेवलं म्हणून वाचली. माझं बरोबर होतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हापशीचा दांडा तुटला. ग्रामपंचायत म्हणते, आठ दिवस लागतील. प्यायला रामधनच्या विहिरीवरून दोन गुंड भरून पाणी आणते, ते जपून वापरावं लागतं. घमेल्यासाठी तलावातून तांब्याभर आणलं. साय बाजूला सारून खालचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी घेतलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

गांडुळं घमेल्याच्या काठावर आली आहेत. झाकून ठेवलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मेली.

घरात वारं नाही. घरात दिनेश नाही. दार बंद, खिडकी बंद. घमेल्याला पंधरा दिवस काही झालं नाही, आणि मग तांब्याभर पाणी घातलं.

आज यापुढे काही लिहायचं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

जीपने शेलूबाजारला गेले. एका बाटलीत तलावाचं पाणी, एका डबीत साय, पिशवीत पुस्तिका. पूनमचंद शेठची मुलगी त्रिशला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. रविवारी घरी असते.

शेठ म्हणाले, "आवडाबाई, पयल्यांदा काही परत आणून राह्यल्या तुमी. रद्दी आमी वापस घेत नाही." नेहमी हसते, आज हसता आलं नाही. त्यांच्या ते लक्षात आलं, त्यांनी त्रिशलाला हाक मारली.

त्रिशलाने बाटली उजेडात धरली. "मावशी, हात लावला होता याला?"

मी बाही वर केली. पुरळाचे काळे डाग अजून आहेत.

"आणि हे कोणी सांगितलं टाकायला?"

मी पुस्तिका पुढे केली. तिने ते पान वाचलं. मग उलटून पुढचं वाचलं. एवढंच म्हणाली, "उद्या कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तोवर ते पाणी कशालाच घालू नका. तुम्ही पुढचं पान वाचलं होतं का, मावशी?"

नव्हतं वाचलं. त्यावर मथळा आहे, 'भात खाचरात वापर'. आमच्याकडे भात कोण लावतं. नको ते पान म्हणून सोडलं होतं.

जीपमध्ये वाचलं. शेवाळाचं चांगलं विरजण आणायचं, उथळ हौदात स्वच्छ पाण्यावर वाढवायचं, वाळवून टाकायचं. शेवटची ओळ: 'तलाव, डबकी यांत आपोआप आलेले शेवाळ वापरू नये.'

माझ्या ट्रंकेत दोन वर्षं होती ही ओळ.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

त्रिशलाचा फोन आला. तिने दोनदा सावकाश सांगितलं, मी लिहून घेतलं.

पुस्तक खोटं नाही. पुस्तकातलं शेवाळ आणि तलावातलं शेवाळ एका कुळातले, पण एक नव्हेत. एका आडनावाची दोन माणसं असतात तसे. हे तलावातलं नत्रही देत नाही. घाण आणि खताचं पाणी तलावात उतरलं आणि ऊन लागलं की ते माजतं. त्याच्या अंगात विष असू शकतं, आणि ते मेलं की विष पाण्यात सुटतं. उकळूनही जात नाही. गांडुळाला फुप्फुस नसतं, ते कातडीने श्वास घेतं, म्हणून त्याला सगळ्या अंगाने लागतं. आधी ते पळायला बघतं. पळता आलं नाही तर मरतं. जे वाचतं त्याचीही अंडी त्या पाण्यात फुटत नाहीत. मातीतल्या बाकी बारीक जिवांचंही तसंच.

"विषाची तपासणी आमच्याकडे होत नाही, मावशी, त्यामुळे शंभर टक्के मी म्हणणार नाही. पण घमेल्याचा प्रयोग तुम्हीच केलाय. माझ्या विद्यार्थ्यांनी याहून चांगला केला नसता."

तिने कौतुकाने म्हटलं. मी फोन ठेवला.

आधी ती पळायला बघतात. म्हणजे ४ ऑक्टोबरला ती मला सांगत होती. मी उचलून उचलून परत आत टाकली होती त्यांना. ते मी त्या दिवशी लिहिलेलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी वाटेवरच्या काट्या काढल्या. मग नाल्याने नाही, त्याच वाटेने दिनेशकडे गेले. तो बैलाला पाणी दाखवत होता. सुचिता वांगी निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पान, पाणी, घमेलं. फवारा नव्हता, हेही.

दिनेशने बादली खाली ठेवली. "बसा, वयनी."

"सुचिता, तुमच्या वांग्यात तो गाळ..."

"तो मी दुसऱ्याच दिवशी उपसला मोठ्याबाई," सुचिता म्हणाली. "शेरडी त्या ओळीत पाय ठेवून नाही राह्यली. पाणीबी आमी तवाच बंद केलं, विहिरीचं देतो."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिनेश म्हणाला, "सांगतलं होतं. दोनखेपा. तुमी म्हणल्या पुस्तक वाच. आमाले कुठं येते वाचता तुमच्यासारखं. आमी म्हणलं, मोठ्या वयनीले जास्त समजत असन."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा मारत नव्हता.

"आणि ते गवत? हातानं कायले निंदलं तुमी, अपराध नव्हता तं?"

"तुमाले वाटे ना फवाऱ्यानं मेली म्हणून. म्हणलं, नाही मारत. तितलंच तुमचं मन राहीन. दादाचे बेड होते ते." मग बैलाकडे बघत म्हणाला, "वावर मांगितलं तेबी त्याच्याचसाठी होतं, वयनी. एकटीनं किती करान तुमी. तुमाले उलटं वाटलं."

सुचिताने चहा आणला. या वेळी घेतला. कप धरून बसले. म्हटलं, आता यांच्या हातची एकही उरली नाही. नवीन आणता येतील अकोल्याहून, पण ती दुसरी. यांनी आणलेल्यांचा वंश संपला.

सुचिता वांगी निवडत होती, मान वर केली नाही तिने. "गेल्या उन्हाळ्यात मी टोपलंभर मांगाले आलती, मोठ्याबाई. शेणाच्या उकिरड्यात सोडतो म्हणलं होतं. आमच्याइथं विहिरीचं पाणी आहे. जगली असती."

दिनेश तिला म्हणाला, "राहू दे ना आता."

"मी कुठं काही म्हणून राह्यली," ती म्हणाली, आणि एक किडकं वांगं बाजूला टाकलं.

मला आठवलं. तिला म्हटलं होतं, ह्यांच्या हातचं आहे, घराबाहेर जाणार नाही. रिकामं टोपलं डोक्यावर पालथं घालून गेली होती ती, ऊन होतं म्हणून.

घरी येऊन आधीची वही काढली. मे महिन्यातली ती तारीख सापडली. त्या दिवशी मी एवढंच लिहिलं आहे, 'सुचिता आली होती. चहा घेऊन गेली.'